दंडावरील सैल त्वचेची शस्त्रक्रिया : रुग्णाची अपेक्षा आणि माहितीपत्रकाची भाषा

एका शल्यचिकित्सकांनी काही महिन्यांपूर्वी आपल्या रुग्णालयाचे एक चार पानी मराठी माहितीपत्रक शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे पाठविले. दंडावरची सैल झालेली कातडी कापून काढण्याची जी शस्त्रक्रिया वैद्यकात ‘ब्रॅकिओप्लास्टी’ आणि बोलण्यात ‘आर्म लिफ्ट’ म्हणून ओळखली जाते, तिच्याविषयी ते पत्रक होते. शुद्धलेखन जवळजवळ निर्दोष होते. परंतु चारही पाने वाचून झाल्यावर, ही शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्या व्यक्तीने पुढे कशाची अपेक्षा ठेवावी हे मला सांगता आले नसते. योगायोग असा की, माझ्या मावसबहिणीने हीच शस्त्रक्रिया दुसऱ्या एका रुग्णालयात त्याआधी करवून घेतली होती आणि तिच्या हाती दिलेले पत्रकही भाषेच्या दृष्टीने ह्याच जातकुळीचे होते. तेव्हा शस्त्रक्रियेचे स्वरूप समजून घेणे आणि ते मराठीत सांगताना भाषा कोठे घसरते हे पाहणे, अशा दुहेरी हेतूने हा लेख लिहिला आहे. वैद्यकीय तपशील त्या शल्यचिकित्सकांशी झालेल्या चर्चेतून आणि त्यांनी वाचावयास दिलेल्या लेखनातून घेतले आहेत. भाषेविषयीची मते माझी आहेत.

प्रथम अवयवाच्या नावाचा विचार करू. मराठीत ‘हात’ म्हणजे खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा सारा अवयव. आणि प्रसंगी केवळ पंजाही. खांदा ते कोपर ह्या भागाला आपल्याकडे ‘दंड’ हा नेमका, रोजच्या वापरातला आणि निःसंदिग्ध शब्द आहे. लस दंडावर टोचतात, वाकी दंडात घालतात, दंड थोपटून आव्हान देतात. असे असता पत्रकात सर्वत्र ‘बाहू’ हा शब्द योजला होता. ‘बाहू’ हा काव्यातला आणि स्तोत्रांतला शब्द. बोलण्यात तो उरला आहे तो ‘बाही’ ह्या त्याच्या वंशजाच्या रूपाने. संस्कृत कोशकारांनी कोपराच्या वरच्या भागाला ‘प्रगंड’ आणि खालच्या भागाला ‘प्रकोष्ठ’ अशी वेगळी नावे दिली होती, आणि हिंदी वैज्ञानिक परिभाषेत दंडाच्या हाडाला आजही ‘प्रगंडिका’ म्हणतात. अर्थात रुग्णाशी बोलताना ‘प्रगंड’ शोधीत जाण्याचे कारण नाही. ‘दंड’ पुरेसा आहे. अडचण येते ती कोपर ते मनगट ह्या भागाची. त्याला बोलभाषेत स्वतंत्र नाव नाही. ही उणीव पुढे महत्त्वाची ठरते.

दुसरा प्रश्न ‘लिफ्ट’ ह्या पदाचा. पत्रकाच्या शीर्षकात ‘बाहू उचलण्याची शस्त्रक्रिया’ असे होते, आणि तिसऱ्या पानावर ‘शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे बाहू उचलू नयेत’ अशी सूचना होती. शिवाय ‘हात उचलणे’ ह्याचा मराठीतला रूढ अर्थ मारण्यास प्रवृत्त होणे हा आहे, हे निराळेच. वस्तुतः ह्या शस्त्रक्रियेत उचलले असे फारसे काही जात नाही. जास्तीची त्वचा आणि तिच्याखालची चरबी कापून काढतात व उरलेली त्वचा जुळवून शिवतात. वैद्यकातले मूळ नाव ह्या मानाने प्रामाणिक आहे. ग्रीक ‘ब्राखिओन’ म्हणजे दंड आणि ‘प्लास्टी’ म्हणजे घडविणे, आकार देणे. हे उत्तरपद नाकाच्या शस्त्रक्रियेच्या नावात १८१८ मध्ये जर्मनीत रूढ झाले. त्याच्या आधीची एक हकीकत पुण्याची आहे. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या लष्करातल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले गेले होते. पुण्यातल्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून ते पुन्हा घडविले, आणि १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात तो वृत्तान्त चित्रासह छापून आला. माती घडविणाऱ्या समाजातील माणसाने केलेल्या ह्या कामाला ‘घडविणे’ ह्याच अर्थाचे ग्रीक नाव मिळावे, ही गोष्ट शब्दांचा अभ्यास करणाऱ्याला नोंदवून ठेवावीशी वाटते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. वयोमानाने, आणि त्याहून अधिक ठळकपणे पुष्कळ वजन उतरल्यानंतर, दंडाच्या मागच्या व खालच्या बाजूची त्वचा सैल पडून लोंबू लागते. लोक ह्याला ‘दंडाला झोळ आला’ असे म्हणतात आणि वर्णन म्हणून ते अचूक आहे. दीर्घकाळ ताणल्या गेलेल्या त्वचेतील लवचीक तंतू एकदा क्षीण झाले की ती पूर्ववत आवळत नाही. व्यायामाने आतला स्नायू भरतो, त्वचा आखडत नाही. तेव्हा ‘जोर मारा म्हणजे जाईल’ हा सल्ला ह्या अवस्थेत व्यर्थ आहे. ज्यांनी लठ्ठपणासाठी जठराची शस्त्रक्रिया करवून घेऊन वजन निम्म्यावर आणलेले असते त्यांच्या बाबतीत हा झोळ इतका मोठा असू शकतो की घामाने घडीत पुरळ उठते, त्वचा सोलवटते, आणि पोलक्याची बाही दंडाच्या मापाची घ्यावी तर पोलके अंगात सैल होते. ह्या साऱ्याला ‘नटण्याची हौस’ म्हणून हसणारे लोक मला भेटले आहेत. त्यांनी तो त्रास पाहिलेला नसतो एवढेच म्हणते.

सर्वांना एकच उपाय लागू पडत नाही. त्वचा चांगली आवळ असून केवळ चरबी अधिक असेल तर बारीक छेदांतून नळीने चरबी शोषून घेणे पुरते. सैलपणा थोडा आणि काखेजवळच असेल तर काखेच्या घडीतल्या छोट्या छेदाने काम भागते. झोळ कोपरापर्यंत पोहोचला असेल तर मात्र काखेपासून कोपरापर्यंत लांब छेद घ्यावाच लागतो. आणि सैलपणा छातीच्या बाजूवर उतरला असेल तर छेदही काखेतून खाली उतरतो. उलट, काही व्यक्तींनी ही शस्त्रक्रिया टाळणेच बरे. स्तनाच्या कर्करोगासाठी ज्यांच्या काखेतील लसिकाग्रंथी काढल्या आहेत त्यांना हात कायमचा सुजण्याचा धोका असतो. ज्यांचे वजन अजून वरखाली होत आहे त्यांनी ते निदान सहा महिने स्थिर होईपर्यंत थांबावे. तंबाखूचे धूम्रपान करणाऱ्यांच्या जखमा नीट भरत नाहीत, म्हणून ते काही आठवडे आधीपासून बंद करावे लागते. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर शरीरात प्रथिने, लोह व ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलेले असते; ती उणीव आधी भरून काढावी लागते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया समजावून सांगण्यासाठी शिंप्याच्या कामाइतके चांगले उदाहरण नाही. सैल बाही आत घ्यावयाची असता शिंपी जास्तीचे कापड चिमटीत धरतो, खूण करतो आणि टीप मारतो. शल्यचिकित्सकही रुग्णाला उभे करून, हात बाजूला पसरून कोपरात दुमडावयास सांगून, जास्तीची त्वचा चिमटीत धरून खुणा करतो. मग बहुधा संपूर्ण भूल देऊन ती त्वचा व चरबी काढतात. येथे साम्य संपते आणि फरक सुरू होतात, ते अधिक बोधप्रद आहेत. शिंपी चुकून जास्त कापड घेऊन बसला तर शिवण उसवून पुन्हा सैल करतो. कापून टाकलेली त्वचा परत आणता येत नाही. शस्त्रक्रिया चालू असतानाच दंड सुजू लागतो, म्हणून जाणते शल्यचिकित्सक सगळी त्वचा एकदम कापीत नाहीत. थोडी कापावी, तेवढी जुळवावी, मग पुढे जावे, अशी पद्धत ठेवतात. आणि मुख्य फरक हा की कापडाची शिवण आत वळविता येते, त्वचेची शिवण बाहेरच राहते.

ती शिवण कोठे ठेवावी ह्यावर शल्यचिकित्सकांत एकमत नाही. काही ती दंडाच्या आतल्या बाजूला, स्नायूंच्या मधल्या खाचेच्या रेषेत ठेवतात: हात खाली असता ती दिसत नाही, वर केला की दिसते. काही ती मागच्या बाजूला ठेवतात: ती समोरून दिसत नाही, पाठमोरे झाल्यावर दिसते. काखेतून जाताना रेषा सरळ नेली तर पुढे ती आखडून हात वर जाण्यास अडथळा होतो; म्हणून तेथे तिला नागमोडी वळण देतात. केवळ सौंदर्याच्या हेतूने केलेल्या अशा शस्त्रक्रियेचे वर्णन अर्जेंटिनातील शल्यचिकित्सकांनी १९५४ मध्ये केले. काढलेल्या जागी त्वचेवर ताण पडून वण रुंदावतो व खाली सरकतो, हा तिचा जुना दोष. १९९५ मध्ये लॉकवुड ह्या अमेरिकन शल्यचिकित्सकाने त्वचेखालचा पातळ पडदा काखेतल्या बळकट पडद्याला टाचून तो ताण त्वचेवरून आत नेण्याची पद्धत मांडली. वण त्यामुळे सुधारला, गेला नाही.

ह्या वणापाशीच माझ्या मावसबहिणीची हकीकत येते. तिच्या पत्रकात वाक्य होते : ‘छेदाच्या जागी किंचित व्रण राहू शकतो.’ शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यात मी तिला भेटले तेव्हा तिने मुकाट्याने बाही वर सारून दाखविली. काखेपासून कोपरापर्यंत तांबडी, जाड, उचललेली रेघ होती. ‘अगं, पण पत्रकात लिहिलं होतं ना,’ असे मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली, ‘व्रण म्हणजे जखम ना गं? जखम भरते. मला वाटलं, भरेल.’

तिचे मराठी चुकले नव्हते. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे जखमच. सुश्रुताचे व्रणोपचार हे जखमांचे उपचार आहेत, आणि पोटातल्या अल्सरला आपण ‘जठरव्रण’ म्हणतो तेही ह्याच अर्थाने. भरून आलेल्या जखमेची खूण ह्या अर्थी मराठीत त्याच शब्दापासून झालेला ‘वण’ हा तद्भव आहे, आणि तो खेड्यापाड्यांतही सर्वांना कळतो. पुढे लिहिण्याच्या भाषेत, तत्सम रूप अधिक प्रतिष्ठित म्हणून, ‘व्रण’ हाच ‘वण’च्या जागी बसविला गेला, आणि एका शब्दात दोन परस्परविरुद्ध अपेक्षा येऊन राहिल्या: जी बरी होते ती जखम, आणि बरी झाल्यावर जे उरते ते. मौजेची गोष्ट अशी की, सुश्रुतसंहितेने ‘व्रण’ शब्दाची निरुक्ती देताना जखम भरल्यावरही तिची जागा देह असेपर्यंत नाहीशी होत नाही, ह्याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. आणि जखमेच्या साठ उपक्रमांत वणाचा रंग आजूबाजूच्या त्वचेशी जुळता करण्याचे उपायही धरले आहेत. म्हणजे जुन्या ग्रंथकाराला जे स्पष्ट सांगावेसे वाटले तेच आजच्या पत्रकात धूसर झाले.

शब्दाहून मोठा दोष त्या वाक्याच्या क्रियापदात आहे. ‘राहू शकतो’ हे रूप पाहा. ‘-ऊ शकणे’ ह्या रचनेचा मराठीतला मूळ अर्थ सामर्थ्याचा: तो पोहू शकतो, ती चालू शकते. शक्यता दाखविण्यासाठी तिचा आज जो मुक्त वापर होतो त्याला इंग्रजीवरून होणाऱ्या भाषांतराने पुष्कळ हातभार लावला आहे. तो वापर आता रूढ झाला आहे आणि त्याविरुद्ध मी तक्रार करणार नाही. परंतु ह्या पत्रकात निश्चित परिणाम, पुष्कळदा होणारे परिणाम आणि क्वचित होणारे परिणाम, असे तिन्ही प्रकार ह्याच एका रूपात घातले होते. वण राहू शकतो, पाणी साचू शकते, रक्ताची गुठळी होऊ शकते. वाचणाऱ्याने ह्यातला पहिला परिणाम शंभरात शंभरांना होतो आणि शेवटचा अगदी थोड्यांना, हे कशावरून ओळखावे? मराठीला ह्या छटा दाखविण्याची साधने कमी नाहीत. ‘वण राहतो’ हा रीतिवर्तमान नियम सांगतो. ‘पुष्कळांच्या बाबतीत पाणी साचते’ हे वारंवारता सांगते. ‘क्वचित गुठळी होते, परंतु झाल्यास जिवाला धोका असतो’ हे विरळपणा आणि गांभीर्य दोन्ही सांगते. ‘किंचित’ ह्या शब्दाविषयी तर बोलावयासच नको.

वणाविषयी खरी अपेक्षा अशी ठेवावी. पहिले काही महिने तो तांबडा, कठीण व खाजरा असतो, आणि बरे होण्याच्या ऐवजी अधिक ठळक झाल्यासारखा वाटतो. वर्ष ते दीड वर्षात तो बहुधा सपाट व फिकट होतो. सावळ्या वर्णाच्या लोकांत वण फुगण्याची आणि जखमेच्या सीमेबाहेर वाढत जाण्याची प्रवृत्ती अधिक असते. घरात कोणाला असे वण आले असतील तर ते आधीच सांगणे अगत्याचे आहे. सिलिकोनच्या पट्ट्या, मालिश, स्टेरॉइडची इंजेक्शने ह्यांनी तो आटोक्यात येतो, पुसला जात नाही. माझ्या बहिणीचा वण आज दोन वर्षांनी पुष्कळ निवळला आहे. ती कोपरापर्यंत बाह्या घालते. बिनबाह्यांचे पोलके घालता यावे म्हणून ही शस्त्रक्रिया करविणाऱ्या स्त्रीला झोळ आणि वण ह्यांत निवड करावयाची असते, हे तिला आधी कोणीतरी म्हटले पाहिजे.

इतर परिणामांची नावेही तपासण्यासारखी आहेत. ‘सिरोमा’ म्हणजे त्वचेखाली पाणी साचणे. ते सुईने काढता येते. ‘हिमॅटोमा’ला ‘रक्त साकळणे’ हा नामी मराठी शब्दप्रयोग आहे. टाके उसवून जखम थोडी उघडी पडणे, विशेषतः काखेजवळ, ही विरळ गोष्ट नाही. ती बहुधा पट्ट्या बदलून भरते, क्वचित पुन्हा शिवावी लागते. सर्वांत दुर्बोध वाक्य होते ते असे : ‘अग्रबाहूच्या मध्यवर्ती पृष्ठभागावर संवेदनाहानी संभवते.’ दंडाच्या आतल्या बाजूने, एका मोठ्या शिरेच्या सोबतीने, कोपराखालच्या त्वचेला स्पर्शज्ञान देणारी एक मज्जातंतूची शाखा जाते. शस्त्रक्रियेत तिला इजा झाली तर कोपराखालचा आतल्या बाजूचा भाग बधीर होतो, मुंग्या येतात, कधी हुळहुळतो. इजा मोठी असेल तर हे कायमही राहते. पत्रकातल्या ‘मध्यवर्ती’ ह्या शब्दाने मात्र वाचणारा मधोमध पाहील. शरीररचनाशास्त्रात तो मूळ शब्द शरीराच्या मध्यरेषेकडची, म्हणजे करंगळीकडची बाजू दाखवितो. आणि ‘अग्रबाहू’ला बोलभाषेत शब्द नसल्यामुळे येथे नाव न शोधता ‘कोपरापासून मनगटापर्यंत, करंगळीच्या बाजूने’ असे जागेचे वर्णन करणे हाच मार्ग उरतो. परिभाषा जेथे अपुरी पडते तेथे वर्णन कमी प्रतीचे मानण्याची आपली सवय सोडावी लागेल.

घरी आल्यावरचे दिवस कसे जातात ह्याविषयी पत्रकात दोनच ओळी होत्या. रुग्णांचे प्रश्न मात्र ह्याविषयीच असतात. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पाणी निघून जाण्यासाठी नळी बसविली असल्यास ती थोड्या दिवसांत काढतात. दंड सुजतात, काळेनिळे पडतात, आवळल्यासारखे वाटतात; निजताना व बसताना हात उशांवर उंच ठेवावे लागतात. घट्ट बाह्यांचा, दाब देणारा कपडा काही आठवडे जवळजवळ सतत घालावा लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात तो नकोसा होतो. शक्य असल्यास शस्त्रक्रिया थंडीत करवावी, असे माझ्या बहिणीचे मत आहे. पहिल्या आठवड्यात वेणी घालणे, मागून हुक लावणे, फळीवरचा डबा काढणे, ह्यासाठी दुसऱ्याचे हात लागतात; घरी एकटे राहणाऱ्याने ही व्यवस्था आधी करावी. बैठे काम एक-दोन आठवड्यांत सुरू होते. पाण्याची बादली, भरलेला कुकर, कडेवरचे मूल, ह्यांना चार ते सहा आठवडे हात लावू नये. त्याबरोबर खांदा अगदी जखडूनही ठेवू नये. सांगितल्याप्रमाणे हलका हलवावा. ताप, वाढती लाली, पू, एकाच दंडाची अचानक सूज, पोटरीत दुखणे किंवा धाप लागणे, ह्यांपैकी काही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आकार स्थिरावण्यास काही महिने जातात. दोन्ही दंड तंतोतंत सारखे होत नाहीत. ते मुळातही नसतात. वजन पुन्हा वाढले तर त्वचा पुन्हा ताणते. खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो, कारण केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्यविम्यातून सहसा वगळलेली असते.

ह्या साऱ्याला कायद्याची बाजूही आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असे स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न केल्यास काय होईल, ह्यांची पुरेशी माहिती मिळून दिलेली संमती हीच खरी संमती. प्रत्येक दूरचा धोका सांगितलाच पाहिजे असे न्यायालयाने म्हटले नाही. परंतु जो परिणाम निश्चित आहे तो ‘शकतो’च्या आड ठेवून घेतलेली सही पुरेशा माहितीवर आधारलेली आहे काय, हा प्रश्न मला भाषेच्या अभ्यासकाचाही वाटतो.

मी पत्रक पुन्हा लिहून पाठविले. शीर्षक केले ‘दंडावरची सैल कातडी काढण्याची शस्त्रक्रिया’. वणाचे वाक्य असे केले : ‘काखेपासून कोपरापर्यंत लांब वण राहतो. तो कायमचा असतो. वर्ष-दीड वर्षात तो बहुधा फिका होतो.’ शल्यचिकित्सकांनी मज्जातंतूविषयीची दुरुस्ती आणि घरच्या दिवसांचा सारा मजकूर आनंदाने स्वीकारला. ‘कातडी’ त्यांना खडबडीत वाटली. तेथे ‘त्वचा’ आली, ह्यास माझी हरकत नव्हती. वणाच्या वाक्यांवर ते बराच वेळ थांबले. ‘हे वाचून निम्मे लोक परत जातील’, असे ते म्हणाले. मग त्यांनी तिन्ही वाक्ये तशीच ठेवली आणि खाली एका रुग्णाच्या अनुमतीने, चौथ्या महिन्यातल्या आणि अठराव्या महिन्यातल्या दंडाची दोन छायाचित्रे छापण्याचे ठरविले. पत्रकाची नवी प्रत सध्या छपाईत आहे.